यंत्र आले, खोलीचे काय?

कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला गेली, ती मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून. ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना ऐकून ठाऊक असते. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी हे आधीच ओळखले, 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, दोन वर्षे दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या आणि 1906 मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले. मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली 7 मे 1907 रोजी. म्हणजे संकट दारात येण्यापूर्वी यंत्रे सुरक्षित होती.

या हकिगतीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. अलिबागच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंड टाळले, ते चुंबकत्वासाठी. पण नोंद घेणारी उपकरणे ज्या इमारतीत राहणार होती, ती मूस यांनी अशा बेताने बांधून घेतली की बाहेर कोकणातली दुपार कितीही तापो, आतल्या तापमानात दिवसभरात फारसा फरक पडू नये. याचे कारण साधे आहे. चुंबक तापला की त्याची ताकद किंचित कमी होते, निवला की पुन्हा वाढते. दोऱ्याला टांगलेला चुंबक हलला, तर पृथ्वीचे क्षेत्र बदलले की खोली तापली, हे त्या चुंबकाला सांगता येत नाही. दोन्हींची खूण कागदावर सारखीच उमटते.

कुलाब्याला ही जाण नवी नव्हती. 1826 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ती वेधशाळा काढली, ती आकाशाचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायला. लंबकाच्या घड्याळाचा दांडा पोलादी असेल तर एका अंशाच्या वाढीने ते दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण वेळेवरून रेखांश काढणाऱ्या खलाशाला मुंबईच्या अक्षांशावर अर्धा सेकंद म्हणजे दोनशे मीटरच्या वर चूक, आणि ती रोज साठत जाणारी. सप्टेंबर 1859 च्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची जी नोंद कुलाब्याला झाली, तिच्यावर आजही शास्त्रज्ञ विसंबतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित शोधनिबंधाने त्या वादळाची तीव्रता मापली, ती कुलाब्याच्या आकड्यांवरूनच. दीडशे वर्षांनी उपयोगी पडणारा आकडा हवा असेल तर तो घेतला जातो त्या खोलीचीही शिस्त लागते.

आज कुलाब्यापासून माटुंग्यापर्यंतच्या पट्ट्यात देशातल्या नामांकित प्रयोगशाळांची दाटी आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, परळला हाफकिन, केईएम, टाटा स्मारक रुग्णालय आणि पशुवैद्यक महाविद्यालय, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आणि कापूस तंत्रज्ञान संस्था. शिवाय गिरगाव-दादरच्या तळमजल्यांवरच्या लहान पॅथॉलॉजी लॅब आणि लोअर परळच्या गाळ्यांतल्या मोठ्या तपासणी कंपन्या. कोट्यवधींची यंत्रे येतात, त्यांचे फोटो छापून येतात. यंत्र ज्या खोलीत बसणार तिच्यावर किती खर्च झाला, हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते: एक स्प्लिट एसी लावला.

तो पुरेसा का नाही, हे समजून घ्यायचे तर आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाजूक यंत्राला गारवा हवा असतो असे आपण धरून चालतो आणि एसी अठरावर लावून निर्धास्त होतो. यंत्राच्या पुस्तिकेत तापमानाची मर्यादा बरीच सैल असते. रक्त तपासणारे अनेक स्वयंचलित ॲनालायझर 15 ते 30 अंशांत कुठेही काम करतात, कारण ज्या कुपीत प्रक्रिया होते ती कुपी यंत्र स्वतः 37 अंशांवर धरून ठेवते. त्याच पुस्तिकेत जरा खाली, बारीक अक्षरात, तासाला तापमान किती अंशांहून जास्त बदलू नये तेही दिलेले असते. अडचण होते ती या दुसऱ्या अटीची.

प्रयोगशाळेतला सर्वात साधा साथीदार घ्या, ॲनॅलिटिकल बॅलन्स. एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या या तराजूचे माप दर अंशाला दशलक्षात एक-दोन भागांनी सरकते. शंभर ग्रॅमचे भांडे ठेवले आणि खोली दोन अंशांनी बदलली, तर दाखवलेला आकडा 0.2 ते 0.4 मिलिग्रॅमने हलतो, म्हणजे शेवटच्या अंकाचा भरवसा गेला. नव्या बनावटीचे बॅलन्स आतल्या वजनाने स्वतःला पुन्हा जुळवून घेतात, पण त्या वेळी काम थांबते आणि समोरचा माणूस कंटाळतो. औषधे तपासणाऱ्या एचपीएलसीत घटक बाहेर पडण्याची वेळ दर अंशाला एक-दोन टक्क्यांनी मागेपुढे होते, म्हणून तिचा स्तंभ वेगळ्या भट्टीत ठेवावा लागतो; ती भट्टी नसेल तर दुपारचा आलेख सकाळच्या आलेखावर बसत नाही. पोलादाचा मीटरभर दांडा एका अंशाने अकरा-बारा मायक्रॉन वाढतो. एनएमआरच्या चुंबकाभोवती तर तासाला एखाद्या अंशाचा फरकही शोधकाला दिसतो.

साध्या स्प्लिट एसीचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. कॉम्प्रेसर चालू होतो, खोली गार होते, तो बंद होतो, खोली तापते. एक-दोन अंशांचा हा झोका दिवसभर चालतो. इन्व्हर्टर एसीत झोका लहान असतो, पण एसीचा तापमापक असतो तो त्याच्या स्वतःच्या तोंडाशी, भिंतीवर उंच. टेबलावर, यंत्राच्या पाठीशी, जिथे यंत्राचाच पंखा ऊन हवा फेकतो आहे, तिथे काय चालले आहे हे त्याला कळत नाही. उणे ऐंशी अंशांचा एक जुना फ्रीझर दिवसाला पंधरा-वीस युनिट वीज खातो आणि ती सगळी उष्णता खोलीतच सोडतो. एक माणूस म्हणजे शंभर वॉट. हे सर्व धरून किती टनांचा एसी लागेल याचा हिशेब करायचा असतो. प्रत्यक्षात हिशेब होतो तो खोलीच्या चौरस फुटांवरून, घरातल्या शयनगृहाला करतात तसा.

मग मुंबईसारख्या शहरात खोली किती अंशांवर ठेवावी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मानकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. लांबीच्या मापनासाठी जगाने 1931 पासून 20 अंश हा आकडा धरला. युरोपात फ्लास्क आणि पिपेटवरही 20 अंशच छापलेले असतात. भारतीय मानकाप्रमाणे बनलेला फ्लास्क हातात घेऊन पाहा, त्यावर बहुधा 27 अंश लिहिलेले आढळेल. सुतावर आणि कापडावर चाचण्या घ्यायच्या त्या 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात मुरवायचे तेही 27 अंशांना. उष्ण कटिबंधातल्या देशाने आपल्या हवेला जवळचा आकडा निवडावा, यात शहाणपण होते. वीस अंशांवर मोजून घेतलेले एक लिटर पाणी सत्तावीस अंशांवर सुमारे 1.7 मिलिलिटरने जास्त जागा घेते. म्हणून फ्लास्क 27 चा आणि खोली 20 ची, किंवा उलट, अशी सरमिसळ केली की द्रावणाची तीव्रता चुकते. आयात फ्लास्क आणि देशी फ्लास्क एकाच कपाटात शेजारी उभे असतात. मानेवरचा आकडा किती विद्यार्थी वाचतात?

परळच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासातही या आकड्याच्या जवळपासचे एक उदाहरण आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली, जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली. मांसरसात तूप तरंगत ठेवून त्याखाली जंतू आठवडेच्या आठवडे वाढवण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. प्लेगच्या जंतूला वाढीसाठी सर्वात मानवणारे तापमान 28 अंशांच्या आसपासचे. जाड भिंतींच्या त्या वाड्यातली मुंबईची नेहमीची हवा त्याला जवळपास आयतीच मिळाली. हवामान प्रत्येक कामाला शत्रू असते असे नाही. काम कोणते, ते आधी पाहावे लागते. सूक्ष्ममापनाला 20 हवे तर 20 च द्यायला हवेत, तिथे काटकसर नको. पण ज्या खोलीत फक्त टायट्रेशन आणि वजने होतात, तिथे एसी 18 वर लावून वीज जाळण्यात आणि शेवटी खोली 21 ते 25 च्या मध्ये हेलकावत ठेवण्यात कसला लाभ? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एसीचा काटा एक अंश वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्या बचतीतून स्थिरता विकत घेता येईल.

आणि आता दमटपणा. मुंबईच्या प्रयोगशाळांची खरी लढाई याच्याशी आहे, तापमानाशी नव्हे, असे म्हटले तरी चालेल.

जुलैतल्या दुपारी बाहेर 29 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार जो जो पृष्ठभाग त्या हवेला लागेल त्यावर पाणी धरणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तसे. बावीस अंशांवर दिवसभर निवलेल्या खोलीतले यंत्र, त्याचा धातूचा सांगाडा, आतली सर्किटची पाटी, आरसे आणि भिंगे हे सगळे 22 अंशांना असते. संध्याकाळी सहाला शेवटचा माणूस वीज वाचवायची म्हणून एसी बंद करतो आणि हवा खेळावी म्हणून खिडकीची फट उघडी टाकतो. बाहेरची ओली हवा आत येते आणि गार धातूवर बसते. सकाळी नऊला कुणी बटण दाबतो आणि यंत्र सुरू होत नाही. दुरुस्तीला आलेला अभियंता पाटीवरचा हिरवा गंज दाखवतो. कार्यालयीन वेळेबाहेर एसी बंद ठेवा असे परिपत्रक काढणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून वाचलेल्या विजेच्या कित्येक पट रक्कम दुरुस्तीत जाते, आणि ती वेगळ्या खात्यातून जात असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दुसरा घोटाळा त्याहून फसवा आहे. खोलीच्या मानाने फार मोठा एसी लावला तर खोली लवकर गार होते आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो. हवेतले पाणी काढून टाकायला नळ्यांवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. तेवढा वेळच मिळत नाही. परिणाम असा की खोली गार आणि ओली राहते. काटा समाधानकारक आकडा दाखवत असतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीचे जाळे धरत असते. ‘मोठा एसी घेतला म्हणजे प्रश्न मिटला’ हे पावसाळ्यातल्या मुंबईत खोटे ठरते.

महाविद्यालयांच्या जुन्या प्रयोगशाळांत यावर एक उपाय होता, आणि तो अगदी शास्त्रशुद्ध होता. सूक्ष्मदर्शकांच्या लाकडी कपाटात चाळीस वॉटचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचा, सोबत सिलिका जेलची पुडी. अट्ठावीस अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची हवा फक्त पाच अंशांनी तापवली, एक थेंबही पाणी न काढता, की तिची आर्द्रता 64 टक्क्यांच्या आसपास येते. ऊन हवा जास्त बाष्प धरू शकते म्हणून. त्या आर्द्रतेत बुरशी धरायला कचरते. ज्या अटेंडंटने तो बल्ब कधी विझू दिला नाही, त्याने कैक पिढ्यांची भिंगे वाचवली. एलईडीचा जमाना आल्यावर तो बल्ब बदलून गार दिवा लावणारेही निघाले, हा भाग वेगळा.

महागड्या ‘प्रिसिजन’ वातानुकूलनातही हेच तत्त्व असते. आधी हवा गरजेहून जास्त गार करायची, म्हणजे पाणी गळून जाते. मग तिला हीटरने थोडी तापवून हव्या त्या तापमानाला खोलीत सोडायची. गार करून पुन्हा तापवणे हिशेबनिसाला उधळपट्टी वाटते आणि निविदा उघडल्यावर पहिली कात्री तिथेच लागते. तापवण्याचे कलम गेले की उरतो फक्त मोठा एसी. आधुनिक वातानुकूलनाचा जन्म मुळात आर्द्रतेपायी झाला, हे इथे आठवावे: विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कागद ओलाव्याने फुगून रंग एकमेकांवर बसत नव्हते म्हणून. माणसांचा आराम नंतर आला.

गिरणगावाला हे शिकवावे लागले नसते. मुंबईची दमट हवा कापडधंद्याला मानवली असे शाळेच्या भूगोलात सांगतात, पण परळ-लालबागच्या गिरण्यांनी हवेच्या भरवशावर माग चालवले नाहीत. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून विणकाम खात्यात दमटपणा मुद्दाम वाढवावा लागे. कापसाचा धागा ओलाव्यात जास्त बळकट होतो, त्यामुळे एकाच गाठीतला कापूस जानेवारीत आणि जुलैत वेगळी ताकद दाखवील. खरेदीदार आणि विक्रेता भांडतील ते हवेवरून. माटुंग्याला 1924 मध्ये कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा निघाली, तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिथल्या चाचणीला किंमत आहे ती 65 टक्क्यांच्या त्या ठरलेल्या हवेमुळे. ज्या धंद्याने हवेला पैशाचा दर लावला, त्याच्या जागेवर आज काचेचे मनोरे उभे आहेत, आणि पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड केलेल्या त्या काचेआड प्रयोगशाळा थाटल्या जात आहेत. दुपारी तीननंतर तिथल्या एसीची परीक्षा सुरू होते.

वीज गेली तर काय, याचाही विचार अर्धाच केलेला असतो. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि पूर्ववत व्हायला कित्येक तास लागले. अशा वेळी यूपीएसवर असलेले यंत्र चालू राहते, एसी मात्र यूपीएसवर नसतो. बंद खोलीत यंत्र स्वतःच्या उष्णतेत भाजत राहते आणि तरीही आकडे देत राहते. थांबलेले यंत्र परवडले. चुकीचे आकडे शांतपणे देणारे यंत्र जास्त धोक्याचे. रुग्णाच्या दृष्टीने पाहा. गोळा केलेल्या रक्तातून पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर खोलीच्या तापमानाला त्यातली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते, आणि खोली जितकी ऊन तितकी भराभर. उकाड्याच्या खोलीत दोन तास पडलेली नळी मधुमेह्याला दिलासा देईल, तोही खोटा.

यावर नियम आहेत. एनएबीएलची मान्यता हवी असेल तर आयएसओ 17025 किंवा वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ 15189 प्रमाणे खोलीची स्थिती पाहावी आणि नोंदवावी लागते. नोंदवहीत महिनाभर सकाळ-संध्याकाळ 24 अंश आणि 55 टक्के असेच आकडे दिसले, तर स्थिर हवा आहे की लिहिणाऱ्याचा हात, हे तपासनिसाने विचारायला हवे. दर दहा मिनिटांनी आपोआप नोंद करणारा डेटा लॉगर यंत्राच्या किमतीपुढे नगण्य दरात मिळतो. तो एसीखाली न ठेवता यंत्राशेजारी ठेवावा आणि त्याचेही वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावे.

दोष तंत्रज्ञांचा नाही. त्यांना हे सगळे ठाऊक असते. त्यांच्यातला जो सांगायला जातो त्याला ‘इमारत खात्याकडे अर्ज करा’ असे उत्तर मिळते. यंत्र एका अनुदानातून येते, एसी दुसऱ्या शीर्षाखाली, वीज तिसऱ्या, दुरुस्ती चौथ्या. खोलीची मालकी कुणाकडेच नसते. खासगी प्रयोगशाळांत कागद कमी असले तरी भाड्याच्या गाळ्यात भिंतीला हात लावायला मालकाची परवानगी लागते, एवढाच फरक.

आमची मागणी म्हणूनच खरेदी समित्यांकडे आहे: महापालिकेची रुग्णालये, विद्यापीठ, राज्य शासन आणि संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्रीय संस्था. यंत्राच्या निविदेतच खोली धरा. किती अंश, तासाला किती फरक चालेल आणि आर्द्रता किती, हे आकडे यंत्राच्या पुस्तिकेतून उचलून निविदेत लिहा. आर्द्रता काढायची आणि हवा पुन्हा तापवायची सोय काटकसरीच्या नावाखाली वगळू नका. एसीला यूपीएस जमत नसेल तर जनरेटरवर घ्या. आणि रात्री एसी बंद करण्याच्या परिपत्रकातून या खोल्या वगळा. यंत्र बसवले की पूर्ण देयक देण्याची पद्धत थांबवा. देयकाचा शेवटचा हप्ता पुढच्या जुलैपर्यंत राखून ठेवा, आणि भर पावसातल्या सलग सात दिवसांची तापमान व आर्द्रतेची नोंद ठरलेल्या मर्यादेत बसली तरच तो द्या.